चार राण्यांची बोळवण

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या घराचे दोन तुकडे व्हायची वेळ आली. जिल्ह्याचा आणि आमचा तसा काही संबंध नव्हता. वडील मुखेडला कारकून होते आणि नव्या जिल्ह्याला कारकून हवे होते, एवढंच. बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जणू जिल्हा त्यांच्याच अर्जावर मंजूर झाला होता. आई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तिथं पाणी हाय का?"

तिथं पाणी नव्हतं. त्या वर्षी मृगानं तोंड दाखवलं आणि लगेच पाठ फिरवली. पुढच्या नक्षत्रांनी तर तोंडही दाखवलं नाही. मुखेडला काही पाट वाहत नव्हते, पण मामाच्या विहिरीला तळाशी का होईना पाणी होतं. लातुरात आमच्या नळाला नुसती हवा यायची, ती मात्र भरपूर. वडिलांच्या ऑफिसात पाटी आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. ते पहिले काही महिने लाकडी खोक्यावर बसून जिल्ह्याचा कारभार बघत आणि घरी येऊन ते अभिमानानं सांगत. आई म्हणायची, "खोक्यावर बसायला मुखेड कामून सोडलं मग?"

तिनं आल्या आल्याच फैसला सुनावला होता. "पोरीची वार्षिक परीक्षा होऊस्तोवर थांबते. तोवर जीव रमला तर रमला. न्हाईतर मी अन् पोरगी मुखेडला, अन् तुम्ही तुमच्या जिल्ह्यात."

मला लातुरातच राहायचं होतं. शाळेत प्रयोगशाळा होती आणि तिला चक्क कुलूप नव्हतं. मुखेडच्या शाळेतली प्रयोगशाळा मी फक्त खिडकीच्या फटीतून पाहिली होती. पण खरं कारण ते नव्हे. खरं कारण असं, की आम्ही मुखेडला गेलो असतो तर वडील म्हणजे महिन्यातून एकदा एस.टी.तून उतरणारे पाहुणे झाले असते. माझ्या मैत्रिणीचे वडील असे होते. ते आले की तिच्या घरात शिरा व्हायचा आणि कुणी कुणाशी नीट बोलायचं नाही. मला तसला शिरा नको होता. पण आईपुढं बोलायची माझी काय बिशाद! मी आपली रोज तिचा चेहरा बघायची, रमला का जीव, रमला का.

जिल्हा झाल्यावर लातुरात जागांना सोन्याचे दिवस आले होते. आमच्या घरमालकिणीनं गोठ्यातल्या म्हशी विकल्या, मधे भिंती घातल्या, वर पत्रे टाकले आणि चार खोल्या काढल्या. भिंतीत गव्हाणीचे खुंटे तसेच होते. वडील त्यांना शर्ट अडकवायचे. खोल्यांत चार दिशांची बिऱ्हाडं आली. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही, गावच नाव झालं. एक उदगीरवाली, तिच्या बोलण्यात अर्धं कानडी. एक परंड्याची वहिनी, नवी नवरी, सदा घाबरलेली. एक किनवटची मास्तरीण. आणि आई म्हणजे मुखेडवाली. पाचवं घर मालकिणीचं. आवार एकच, मधे लिंबाचं झाड एकच, आणि पाण्याला टँकरही एकच.

टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. सकाळच्या कामानंतर आणि दुपारच्या जेवणाआधी, कधीतरी. आला की ड्रायव्हर पाइप टाकायचा आणि पाचही घरांनी आटपायचं. पहिल्या घराला नितळ पाणी मिळे. शेवटच्या घराला गढूळ मिळे, नाहीतर टँकर रिकामा झाल्याचा घुर्र आवाज. त्यामुळं कोण पहिलं आणि कोण शेवटचं यावरून आवारात रोज रणकंदन. एकदा मालकिणीनं "घर माझं, नंबर माझा" असं जाहीर केलं, तेव्हा उदगीरवाली काकू म्हणाली, "यव्वा, घर तुमचं असंल, टँकर काय तुमच्या सासऱ्याचा हाय का?" त्या दिवशी भांडणाच्या नादात टँकर येऊन पुढच्या गल्लीत निघूनही गेला. पाची घरं कोरडी. मग अक्कल आली.

अक्कल आली म्हणजे पत्ते आले. परंड्याच्या वहिनीनं भीत भीत पेटीतून एक जुना जोड काढला. त्यातले बरेच पत्ते हरवलेले होते, उरलेल्यांचे कोपरे कुणीतरी लहानपणी चघळलेले. पण 'गाढव' खेळायला पुरा जोड लागतोच कुठं? जितक्या खेळणाऱ्या तितक्या चौकड्या पुरे. चार एक्के, चार राजे, चार राण्या, चार गुलाम, चार दश्श्या. पिसायचे, चार चार वाटायचे. मग सगळ्यांनी एकदम आपल्याला नको तो पत्ता उजवीकडच्या बाईपुढं पालथा सरकवायचा आणि डावीकडून आलेला उचलायचा. असं फिरत फिरत जिच्या हातात एकसारखे चार जमले, तिनं तळहात मधे टेकवायचा. की बाकीच्यांनी धडाधड त्यावर हात टाकायचे. सगळ्यात शेवटी जिचा हात, ती गाढव.

सुरुवातीला नियमांवरून बैठकांवर बैठका झाल्या. उदगीरकडं म्हणे चार जमले की नाकाला बोट लावायचं. परंड्याकडं ओरडायचं. मालकीण म्हणाली, लातूरकडं पत्ते खेळतच नाहीत, बाया कामं करतात. शेवटी मुखेडचा तळहात सर्वानुमते मंजूर झाला, कारण आई म्हणाली, हाताचा ढीग झाला की नंबरही आपोआप लागतो. सगळ्यात खालचा हात, पहिली घागर. त्यावरचा हात, दुसरी. सगळ्यात वरचा, शेवटची. कुणाला काही बोलायला जागाच उरली नाही. वडिलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या साहेबांना एवढं सुचलं असतं तर जिल्हा मार्गी लागला असता."

मास्तरीणबाईंची शाळा टँकरच्या वेळेला, माझी सकाळची. म्हणून त्यांच्या वतीनं मी खेळायची. मायलेकींनी संगनमत करू नये म्हणून मला आईच्या शेजारी बसायला बंदी होती. उदगीरवाली काकू आईच्या डावीकडं, आईच्या उजवीकडं परंड्याची वहिनी, मग मी, मग मालकीण. मी वाईट खेळायची. मास्तरीणबाई संध्याकाळी येऊन गढूळ घागर बघायच्या आणि मला गणित घालायच्या.

आई मात्र चांगली खेळायची. ती स्वतःच्या पत्त्यांकडं फारसं बघतच नसे, दुसरीच्या तोंडाकडं बघे. परंड्याच्या वहिनीला तिसरा राजा आला की ती श्वास धरायची. मालकीण लगेच पदर सावरायची. उदगीरवाली काकूचं मात्र काही कळायचं नाही. ती बाई हातात चार एक्के घेऊन मेथीच्या भाजीचा भाव विचारायची, आणि आपण उत्तर देतोय तोवर हात टेकवून मोकळी. आईचं आणि तिचं हाडवैर होतं. एकीचा हात खाली असला की दुसरी लगेच त्यावर. बांगड्या वाढायच्या, नखं लागायची, आणि ढिगात चार हात पडले तरी वरून पाचव्या हाताचा पत्ता नसायचा, कारण मी अजून माझे पत्ते बघत बसलेली असायची.

एकदा असाच डाव संपल्यावर आई आपल्या तळहाताकडं बघत बसली होती. लाल झाला होता. मी विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, "न्हाई. माझ्या आजोळी आडावर आम्ही घागर खाली ठेवून लांब उभं राहायचो. कुणाला सवड झाली की वरून ओतायचं. अंगावर शिंतोडा उडाला तरी ती बाई शिव्या द्यायची." मग हात झटकून उठली. "अन् ही उदगीरवाली बघ, नुसती बदडून राहिली मला." हे सांगताना ती हसत होती, आणि मला वाटलं, रमला वाटतं जीव.

पण कसचं काय. वार्षिक परीक्षा झाली, ऊन भाजून काढायला लागलं, टँकर अर्धाच भरून यायला लागला आणि आईनं ट्रंक काढली. मी म्हटलं, रमला नाही का जीव? "जिवानं काय तहान भागती? मामाच्या विहिरीला पाणी हाय," ती म्हणाली. वडील दोन दिवस समजावत राहिले, तिसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन सकाळच्या मुखेड गाडीची वेळ विचारून आले. मला त्या दोघांचाही राग आला. वडिलांचा जास्त. खोक्यावर बसून जिल्हा चालवणाऱ्या माणसाला एक बाई थांबवता येऊ नये?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच उदगीरवाली काकू दारात आली. सुपात तांदूळ, नारळ, खण. मागं परंड्याची वहिनी हळदकुंकवाचा करंडा घेऊन. आमच्या घरात ओटी भरून घेत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातून जे जे गेलं, त्यात हेही गेलं. भिंतीवरच्या फोटोंवरून काकूला ते कळायला हवं होतं, पण तिनं इतक्या महिन्यांत भिंतीकडं पाहिलंच नसावं. आई उठून उभी राहिली.

"आमच्यात न्हाई भरत, अक्का. राग नको मानू."

काकूचं तोंड एवढंसं झालं. "अय्यो, मग रिकाम्या हातानं जाऊ देऊ का तुला? बाईमाणूस निघालं अन् काहीच घातलं न्हाई, असं कसं?"

"रिकामी कशाला? ट्रंक भरलीय की," आई म्हणाली आणि दोघींना गूळ-पाणी दिलं. पाणी दोघींनी अर्धं अर्धं वाटून प्यायलं, कारण दिवस तसलेच होते. काकू सूप घेऊन परत गेली, पण जाताना तिची चाल काही ठीक नव्हती. कुणी नुसती वरवर माघार घेतं तेव्हा जशी असते तशी.

दुपारच्या आत लिंबाखाली नेहमीचा डाव पडला. माझ्या हातात एक दश्शी, दोन गुलाम आणि एक राजा. मी गुलामांच्या मागं लागले. पत्ते फिरायला लागले. नेहमी असतो तसा गोंगाट नव्हता. काकूनं मेथीचा भाव विचारला नाही. मालकिणीनं पदर सावरला नाही. मला वाटलं, आई चालली म्हणून सगळ्या उदास आहेत, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आईनं हात टेकवला.

एरवी हात असे पडायचे की चिमण्या उडायच्या. त्या दिवशी काकूनं हात आईच्या हातावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. मालकिणीनं तिच्या हातावर अलगद ठेवला. मग वहिनीनं. मी पुन्हा गाढव. आईनं उलटे केलेले पत्ते मी पाहिले, चारी राण्या.

"पहिली घागर मुखेडवालीची," मालकीण म्हणाली. तिच्या तोंडून दुसऱ्या कुणाचा पहिला नंबर इतक्या गोड आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

आईनं हात काढला नाही. सगळ्यांचे हात तसेच तिच्या हातावर. ती काकूच्या तोंडाकडं बघत होती.

"अक्का, पत्ते दाखव तुझे."

"कशाला? डाव झाला की."

"दाखव म्हणते ना."

काकूनं दाखवले. एक एक्का, एक राजा, एक गुलाम, एक दश्शी. दोन पत्ते एकमेकांसारखे नाहीत. जी बाई दुसऱ्या फेरीत तीन एक्के जमवते, तिच्या हातात इतका वेळ पत्ता फिरून एक जोडी नाही? मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. मालकिणीनं राण्या काकूकडं सरकवल्या होत्या आणि काकूनं आईकडं. वहिनी तर मान खाली घालून मातीत बोटानं रेघा ओढत होती. मी तेवढी येडी, मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे आवाराला पुरतं माहीत होतं.

"हे काय हाय?" आईनं विचारलं.

"बोळवण हाय, यव्वा," काकू म्हणाली. "ओटी घेत न्हाईस तू. म्हटलं राण्या घालाव्या. जाताना पहिली घागर, नितळ पाण्याची. एवढंच तर हाय आमच्यापाशी."

मला रडू फुटलं. इतकं चांगलं कुणी कुणाशी वागलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता आईही रडणार, दोघी गळ्यात पडणार.

आईनं हात खसकन ओढून घेतला. ढीग कोसळला.

"म्हणजे मला घातलं तुम्ही. वरून घातलं."

"तसं न्हाई गं..."

"तसंच हाय! चांगल्या मनानं घातलं म्हणून काय झालं? वरून घातलेलं मी लई घेतलं, अक्का. ओंजळ धरून घेतलं. इथं पहिल्यांदा मातीत मांडीला मांडी लावून बसले, तू मला बदडलंस, मी तुला बदडलं. जिंकले तर माझी मी जिंकले, हरले तर माझी मी हरले. अन् जाता जाता तू मला पुन्हा लांब उभी केलीस!"

आईला कधी एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला आणि काकूची दयाही आली, दोन्ही एकाच वेळी, आणि कुणाच्या बाजूनं रडावं ते कळेना. काकूनं आधी मालकिणीकडं पाहिलं, मग वहिनीकडं. वाटलं, उठून जाणार. पण ती उदगीरची होती. तिनं पदर कमरेला खोचला, विखुरलेले पत्ते ओरबाडून गोळा केले आणि मालकिणीपुढं आपटले.

"पिसा हो. अन् तू बस, मुखेडवाली. बदडून घ्यायची एवढी हौस हाय ना? बसच."

डाव पडला. मालकिणीनं पदर सावरला. वहिनीनं श्वास धरला. मी दश्श्या जमवायला घेतल्या आणि तिसरी येते न येते तोच काकू म्हणाली, "मेथी कशी देऊन राहिलेत गं आज बाजारात?"

"महाग," आई म्हणाली. म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं. पण तोवर काकूचा हात धप्पकन पडला होता. वहिनीचा पडला, मालकिणीचा पडला. माझा हात मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर टाकला, आणि आईचा हात माझ्या हातावर येऊन आदळला, असा की माझं मनगट दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकत होतं. सगळ्यात वरचा हात आईचा.

"गाढव!" काकू ओरडली. "मुखेडची गाढवीण!"

तोवर टँकरचा भोंगा वाजला. सगळ्या धावल्या. काकूची घागर पहिली, काठोकाठ. मास्तरीणबाईंची माझ्या कृपेनं चौथी, त्यांना नंतर खरं वाटेना. आईच्या घागरीत पाइप आला तेव्हा टँकर घुर्र करायला लागला होता. अर्धी घागर मिळाली, तीही चहाच्या रंगाची.

ती घागर कमरेवर घेऊन आई घरात आली. केस सुटलेले, कपाळावर माती, आणि तोंड असं खुललेलं की वडील दारातच थबकले. ते सकाळच्या गाडीसाठी दोरी घेऊन आले होते, वळकटी बांधायला. आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पलीकडच्या खोलीतून काकूचा आवाज आला, "गाढवा, गाळून घे गं पाणी, बेडूक असंल!"

आई दाराबाहेर डोकं काढून ओरडली, "उद्या बघते तुला! उद्या न्हाई तुला गाढव केलं तर नावाची न्हाई!"

आणि तिथंच थांबली. वडिलांच्या हातात दोरी तशीच. मी ट्रंकेवर बसले होते. आईनं घागर हळू खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं, आणि माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"अशी काय बघून राहिलीस? ऊठ त्या ट्रंकेवरून. परात काढ तिच्यातली, भाकरी थापायच्यात."